बिनपगारी माळी

वर्ध्याला निघालेल्या माणसाला "कशासाठी?" असे सहसा कुणी विचारीत नाही. सेवाग्राम आणि पवनार ही दोन नावेच एवढी मोठी आहेत की, प्रश्नाचे उत्तर विचारणाऱ्याने आधीच ठरवून टाकलेले असते. गेल्या आश्विनात तेथे चार दिवस राहण्याचा योग आला. जे पाहायचे ते सारे पाहिले. धाम नदीच्या काठावर विनोबांच्या आश्रमात बसलो, मगन संग्रहालयात चरख्यांचे नाना प्रकार न्याहाळले, कारंज्याकडच्या संत्र्याच्या बागाही हिंडलो. परंतु परत आल्यावर घरातल्या मंडळींनी "काय पाहिलेत?" म्हणून विचारले, तेव्हा तोंडून जे निघाले त्याने सगळ्यांची निराशाच झाली असावी. मी म्हणालो, "किडे!"

थट्टा नाही. चार दिवस मी झाडांवरचे किडे पाहिले, आणि त्यांचे करायचे काय, हा प्रश्न त्या जिल्ह्यात जितक्या निरनिराळ्या तोंडांनी ऐकला तितका अन्यत्र कुठे ऐकल्याचे आठवत नाही. ज्यांच्या घरासमोर हातभर अंगण आहे, त्यात एक जास्वंद, एक कढीपत्ता आणि एखादे लिंबाचे झाड आहे, किंवा ज्यांच्या तिसऱ्या मजल्यावरच्या गॅलरीत चार कुंड्या आहेत, अशा वाचकांना या प्रश्नाचे महत्त्व पटवून देण्याची गरज नाही. कळ्या धरलेली जास्वंद एका आठवड्यात पांढरीफटक झालेली ज्यांनी पाहिली आहे, ते माझ्याकडे सहानुभूतीने पाहतील अशी आशा आहे.

वर्धा हे शहर १८६६ साली पालकवाडी नावाच्या खेड्याच्या जागी आखून वसवलेले. भोवती काळी जमीन, कपाशी आणि तूर. उन्हाळा असा की, पारा सेहेचाळीस अंशांवर चढला तरी त्याची कुणी बातमी मानीत नाही. त्या उन्हाळ्यातून झाड वाचवणे म्हणजे घरातल्या नाजूक प्रकृतीच्या माणसाला वाचवण्यासारखेच. आमच्या स्नेह्यांच्या वहिनींनी असे एक जास्वंदीचे झाड चार उन्हाळे वाचवले होते. घराच्या गणपतीला रोजचे लाल फूल त्याच झाडाचे. मी गेलो तेव्हा त्या झाडाच्या शेंड्यांवर कुणी पीठ उधळून ठेवावे तशी पांढरी बुरशीसारखी पुटे बसलेली. पाने आकसलेली, कळ्या उमलण्याआधीच गळून पडलेल्या, आणि खोडावरून मुंग्यांची ये-जा चाललेली.

"भाऊजी, हे पाहा," वहिनी म्हणाल्या. "पलीकडच्या बंगल्यात फवारणी करणारा येतो. त्याच्याजवळ जालीम औषध आहे म्हणतात. उद्या बोलावून टाकते. एकदाच काय ते होऊन जाऊ दे."

ही कीड म्हणजे पिठ्या ढेकूण. नाव ऐकून हसू येते, पण ते अगदी बरोबर आहे: अंगावर मेणचट पिठाचा थर आणि ढेकणासारखे एका जागी चिकटून रस शोषण्याची सवय. त्याच्या एका जातीने या भागातल्या शेतकऱ्यांचीही झोप उडवली होती. २००५ नंतरच्या काही वर्षांत आपल्या देशात कपाशीवर जो पिठ्या ढेकूण पसरला, तोच जास्वंदीवरही सुखाने राहतो. कपाशी आणि जास्वंद ही एकाच कुळातली झाडे. शेतातून बागेत आणि बागेतून शेतात त्याला नातेवाइकाकडे जाण्यासारखेच आहे. कपाशीच्या जिल्ह्यातली जास्वंद म्हणजे त्याचे हक्काचे आजोळ!

फवारणीवाल्याला निरोप जाण्यापूर्वी शेजारचे गुरुजी आले, हे त्या झाडाचे भाग्य. गुरुजी शेतकी शाळेतून निवृत्त झालेले. खिशात चष्मा नसला तरी चालेल, पण भिंग हवे, असा त्यांचा खाक्या. त्यांनी एक शेंडा वाकवला, भिंग लावले आणि मला म्हणाले, "यात ढेकूण किती आणि ढेकूण खाणारे किती, मोजा."

मला सारेच पांढरे दिसत होते. गुरुजींनी गवताची एक काडी घेऊन एका पांढऱ्या गोळ्याला हळूच डिवचले. तो जागचा हलला नाही. दुसऱ्याला डिवचले, तोही ढिम्म. तिसऱ्याला काडी लागताच मात्र तो सहा पायांवर तुरुतुरु पळत सुटला. "हा आपला माणूस," गुरुजी म्हणाले. तो ढालकिड्याचा बालक होता. पाठीवर ढालीसारखे चकचकीत कवच असलेले ते इवलेसे गोल भुंगेरे आपण सर्वांनी पाहिलेले असतात. त्यांच्यातल्या काही जातींच्या अळ्या अंगावर तसेच पांढरे मेण बाळगतात आणि पिठ्या ढेकणांच्या कळपात शिरून त्यांचाच फराळ करतात. पुढे त्याच शेंड्यावर त्यांनी आणखी एक असामी दाखवली: मारलेल्या किड्यांची सालपटे पाठीवर लादून हिंडणारी, हिरव्या जाळीदार पंखांच्या माशीची अळी. शेतकी खात्याची माणसे तिला क्रायसोपा म्हणतात. शत्रूच्याच वस्त्रांत वावरणारे हे शिपाई. म्हणून घरमालकाच्या हातून पहिला बळी बहुधा त्यांचाच पडतो.

"जालीम औषध मारले असते, तर ढेकूण आधी मेला असता की हा?" मी विचारले.

"हाच," गुरुजी म्हणाले. "ढेकणाच्या अंगावर मेणाचा रेनकोट आहे, त्याची अंडी कापसाच्या पिशवीत आहेत. पंधरा दिवसांनी ती फुटतात. तोवर त्यांना खाणारा उरलेला नसतो. मग फवारणीवाला पुन्हा येतो, आणि दर वेळी पैसे घेऊन जातो. हे बिनपगारी माळी आहेत हो. आपण त्यांना मारून पगारी माणूस ठेवतो."

त्या दिवशी जास्वंदीवर जो इलाज झाला तो कुणालाही करता येण्याजोगा होता. अगदीच बरबटलेले शेंडे छाटून साबणाच्या पाण्याच्या बादलीत बुडवले. कुंपणापलीकडे फेकले असते तर ढेकूण शेजाऱ्यांकडे मुक्कामाला गेले असते. उरलेल्या फांद्यांवर नळीने पाण्याचा जोरदार झोत मारला. मग एक लिटर पाण्यात चमचाभर पातळ साबण घालून, जिथे नुसते ढेकूणच होते, तेवढ्याच जागी तो शिंपडला. आणि खोडाभोवती कागदाची पट्टी गुंडाळून तिच्यावर ग्रीस लावले. हे शेवटचे काम मुंग्यांसाठी. ढेकूण रस पितो आणि गोड चिकटा बाहेर टाकतो. त्या गोडीपायी मुंग्या त्याची राखण करतात, गवळी गाईंची करतो तशी, आणि ढालकिड्यांना हुसकून लावतात. मुंग्यांची वाट अडवली की गुरुजींच्या माळ्यांना काम सुरू करता येते.

हे माळी कधीकधी फार लांबून आणावे लागतात. पिठ्या ढेकूण खाण्यात नाव कमावलेला एक ढालकिडा मूळचा ऑस्ट्रेलियाचा. तो १८९८ साली हिंदुस्थानात आणला गेला, तोही ढेकणासाठी नव्हे, तर कॉफीच्या मळ्यातल्या दुसऱ्याच किडीसाठी. अलीकडची गोष्ट पपईची. २००८ साली कोइमतूरकडे पपईवर एक नवा, परदेशी पिठ्या ढेकूण दिसला आणि पाहता पाहता महाराष्ट्रातल्या बागांपर्यंत पोचला. औषधे मारून लोक थकले. अखेर २०१० मध्ये बंगळूरच्या शास्त्रज्ञांनी पोर्टो रिकोहून काही चिमुकल्या गांधीलमाश्या आणवल्या. त्या डोळ्यांना जेमतेम दिसतात, माणसाला चावत नाहीत. पिठ्या ढेकणाच्या अंगात अंडे घालतात आणि त्यांचे पिल्लू ढेकणाला आतून खाऊन बाहेर पडते. त्या सोडल्यावर हा ढेकूण आटोक्यात आला. ज्यांच्या परसातली पपई तेव्हा वाचली, त्यांतल्या कितींना आपल्या या उपकारकर्तीचे नाव ठाऊक असेल?

वहिनींच्या परसात कढीपत्ता आणि लिंबूही होते, आणि त्यांच्यावरही पाहुणे होतेच. लिंबाच्या कोवळ्या पानावर पाखराची विष्ठा पडली आहे असे वाटावे, असा एक काळा-पांढरा ठिपका. तो म्हणजे फुलपाखराची लहान अळी. मोठी झाली की ती पानासारखी हिरवीगार होते, आणि तिला डिवचले तर डोक्यामागून दुतोंडी लालसर शिंग बाहेर काढून असा उग्र वास सोडते की, हात आपोआप मागे यावा. पाच-सहा अळ्या लहान रोपाची पाने दोन दिवसांत फस्त करतात. म्हणून बागाईतदार तिला कीड म्हणतो, आणि रोपवाटिकेपुरते ते खरेच आहे. परंतु वाढलेल्या झाडाला चार पानांचे काय? निळवंत, म्हणजे ज्या मोठ्या काळ्या-निळ्या फुलपाखराला २०१५ साली आपण महाराष्ट्राचे राज्य फुलपाखरू ठरवले, त्याच्याही अळ्या लिंबाच्या कुळातलीच पाने खाऊन वाढतात. फुलपाखराचा सत्कार करायचा आणि त्याच्या बाळपणी त्याला चिरडायचे, हा व्यवहार काही सरळ नव्हे. वहिनींच्या मुलीने यावर तोड काढली होती. रोपावरच्या अळ्या काडीने उचलून ती मोठ्या लिंबावर नेऊन ठेवी. "तिथे भरपूर आहे," एवढेच तिचे स्पष्टीकरण.

दुसऱ्या दिवशी सेवाग्रामला गेलो. शहरापासून आठ किलोमीटर. या रस्त्यावरची जुनी झाडे २०२० मध्ये रस्तारुंदीसाठी तोडू लागले, तेव्हा वर्धेकर नागरिक विरोधासाठी पुढे आले होते. झाडांविषयी या गावाला ममता आहे, हे त्यावरून कळते. गांधीजी येथे १९३६ च्या एप्रिलअखेर आले, तेव्हा गावाचे नाव शेगाव होते. सेवाग्राम हे नाव १९४० मधले. आश्रमात त्यांनी लावलेला पिंपळ आहे, कस्तुरबांनी लावलेली बकुळ आहे. मातीच्या भिंती, कौलारू छपरे आणि झाडांची सावली. यापलीकडे तेथे पाहण्यासारखे थाटाचे असे काही नाही, आणि म्हणूनच माणूस तेथे बराच वेळ थांबतो.

तेथल्या वस्तूंत साप पकडण्याचा एक लांब लाकडी चिमटा आणि एक पिंजरा जपून ठेवला आहे. त्या काळी ही जागा म्हणजे रान, विंचू-सापांचा सुळसुळाट. साप निघाला की चिमट्याने धरायचा, पिंजऱ्यात घालायचा आणि लांब नेऊन सोडायचा, असा आश्रमाचा परिपाठ होता. यात्रेकरू चिमटा पाहतात, अहिंसेविषयी दोन शब्द बोलतात आणि पुढे जातात. मला मात्र वहिनींच्या जास्वंदीची आठवण झाली. साप उचलून नेता येतो; पण पिठ्या ढेकणांना कुठल्या चिमट्याने धरायचे, आणि कुठे नेऊन सोडायचे?

गांधीजींनी या प्रश्नाला बगल दिलेली नाही. १९४६ साली 'हरिजन'मध्ये त्यांनी शेतीचा नाश करणाऱ्या माकडांविषयी लिहिले आणि त्यात पक्षी व किडे यांचाही उल्लेख केला. जो शेती करील त्याला पीक राखण्यासाठी कमीत कमी आणि अटळ तेवढी हिंसा करावीच लागेल, असा त्यांचा अभिप्राय. पुढे त्यांनी आणखी एक गोष्ट सांगितली, ती अधिक बोचणारी आहे: स्वतः न मारता दुसऱ्याकडून मारवून घेतले, तरी दोहोंत फारसा फरक नाही. म्हणजे आपण घरात बसून पंख्याखाली चहा पीत आहोत आणि बाहेर फवारणीवाला पंप मारतो आहे, तरी हिशेब आपल्याच नावावर. हे वाचले की 'कमीत कमी' या दोन शब्दांचे वजन कळते. कमी किती, हे ठरवायचे तर आधी समोर कोण आहे ते ओळखावे लागते. किती आहेत ते मोजावे लागते. त्याला खाणारा कुणी जवळपास आहे का, ते शोधावे लागते. गुरुजींचे भिंग आणि आश्रमातला चिमटा ही मला एकाच घरातली भांडी वाटली.

गांधीजी कडुनिंबाची पाने आहारात घेत, हे प्रसिद्ध आहे. विदर्भात कडुनिंब नाही असे गावच नाही, आणि बागेच्या औषधांत त्याचा मान पहिला. जूनमध्ये निंबोळ्या पिकून पडतात. त्या धुऊन, सावलीत वाळवून ठेवायच्या. लागतील तेव्हा पन्नास ग्रॅम निंबोळ्या कुटून पुरचुंडीत बांधायच्या, रात्रभर पाण्यात भिजत टाकायच्या, सकाळी पिळून गाळून एक लिटर पाणी करायचे आणि त्यात थोडा साबण मिसळायचा. हाच पाच टक्क्यांचा निंबोळी अर्क. फवारणी संध्याकाळी करावी, कारण उन्हात त्याचा गुण लवकर जातो, आणि दिवसा फुलांवर मधमाश्याही असतात. तो लागलेला किडा तडफडून मरत नाही. त्याचे खाण्यावरचे मन उडते आणि त्याला नीट कात टाकता येत नाही. म्हणून दुसऱ्या दिवशी मेलेले किडे मोजायला जाणाऱ्याची निराशा होते. आठवडाभर धीर धरावा लागतो.

हे शहाणपण जुनेच. पण प्रयोगशाळेने त्याच्यावर शिक्का मारला तो १९६० च्या आसपास. सुदानमध्ये १९५९ साली टोळधाड आली, तेव्हा सारा पाला फस्त झाला आणि कडुनिंब तेवढे हिरवे उभे राहिले, हे एका जर्मन शास्त्रज्ञाने पाहिले. दिल्लीच्या कृषी संशोधन संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी १९६२ मध्ये निंबोळीचे पाणी मारलेल्या पिकाला टोळ तोंड लावीत नाहीत, हे दाखवले. पुढे निंबोळीच्या एका औषधावर अमेरिकेचे शेतकी खाते आणि एक कंपनी यांनी युरोपात पेटंट घेतले. ते २००० साली रद्द झाले आणि २००५ मध्ये अपीलही फेटाळले गेले. आपल्या अंगणातल्या झाडासाठी केवढी ही लढाई! मात्र कडुनिंबाला देव करू नये. वळवाचा पहिला पाऊस पडला की हुमणीचे तपकिरी भुंगेरे जमिनीतून निघतात आणि रात्री त्याच कडुनिंबाची पाने खुशाल खातात. शेतकरी तेव्हा फांद्या हलवून त्यांना खाली पाडतात आणि रॉकेल घातलेल्या पाण्यात बुडवतात. ज्याच्या नावाचा दरारा, त्याच्याच घरी चोरी करणारेही असतातच.

तिसऱ्या दिवशी कारंज्याच्या वाटेला लागलो. कारंजा, आर्वी आणि आष्टी हे तालुके जिल्ह्याच्या उत्तर-पश्चिमेकडचे. संत्र्याच्या बागा इकडच्या. पुलगावाहून आर्वीला जाणारी अरुंद रुळांची छोटी गाडी आता धावत नाही, त्यामुळे मोटारीखेरीज गत्यंतर नाही. कपाशीची बोंडे फुटू लागली होती. माळ चढून जावे आणि एकाएकी गर्द हिरवी चौकट दिसावी, तशी एकेक बाग येते. आंबिया बहराची फळे रंगावर आली होती.

बागेचे मालक पन्नाशीचे. त्यांनी आधी संत्रे हातात दिले आणि मग दुःख सांगितले. बागेच्या एका कोपऱ्यातली दाट झाडे काळी पडली होती; पानांवर, फळांवर काजळी धरल्यासारखी. या भागात तिला कोळशी म्हणतात. काजळी हा परिणाम. कारण पानाच्या पाठीमागे बसलेले असते. तेथे काळ्या माशीची पिल्ले रस शोषतात आणि वरून गोड चिकटा गाळतात. खालच्या पानांवर पडलेल्या त्या चिकट्यावर काळी बुरशी वाढते. पान काळे झाले की त्याला ऊन मिळत नाही आणि झाड उपाशी राहते. पान उलटून पाहिल्याखेरीज काजळीचे कारण कळत नाही. मालकांनी उलटून दाखवले, आणि अंड्यांची मळसूत्रासारखी नाजूक रांगोळी मी प्रथमच पाहिली.

या काळ्या माशीची कुंडली मोठी मजेदार आहे. १९१० च्या सुमारास वोग्लम नावाचा अमेरिकन कीटकशास्त्रज्ञ फ्लोरिडातल्या संत्र्यांच्या दुसऱ्या एका किडीचा शत्रू शोधत हिंदुस्थानात आला होता. तेव्हा त्याला ही काळी माशी दिसली आणि पुढे तिच्या शास्त्रीय नावात त्याचे नाव घातले गेले. १९१३ साली ती जमेकात निघाली, मग क्यूबात, १९३५ मध्ये मेक्सिकोत. आणि तेथल्या बागांचा तिने धुव्वा उडवला. येथे ती मर्यादेत होती आणि तेथे नव्हती, याचे कारण तिचे शत्रू येथेच राहून गेले होते. अखेर १९४९-५० च्या सुमारास मेक्सिकोसाठी भारत आणि पाकिस्तानातून तिच्यावर जगणाऱ्या चिमुकल्या गांधीलमाश्या नेण्यात आल्या, आणि तेथली काळी माशी काबूत आली. आपल्या मातीतले बिनपगारी माळी समुद्रापार जाऊन नोकरी करून आले म्हणायचे!

मग आपल्याच विदर्भात कोळशी का? हा प्रश्न मी मालकांना विचारला. ते काही क्षण झाडाकडे पाहत राहिले. "फवारा मारून मारून थकलो ना जी," ते म्हणाले. "पन आपन जे मारतो, थ्यात आपलेबी मरतेत. हे आमाले उशिरा समजलं, सर." त्यांनी आता त्या कोपऱ्यातली दाटी कमी करायला घेतली होती. आतल्या फांद्या छाटून ऊन-वारा खेळवायचा, निंबोळी तेलाची फवारणी फक्त काळ्या पडलेल्या झाडांवर आणि तीही पानांच्या खालून करायची, बाकीच्यांना हात लावायचा नाही, असा त्यांचा बेत होता. जुन्या झाडांच्या बेचक्यांत साल खाणाऱ्या अळीची भोके होती. भुश्श्याचे आणि विष्ठेचे जाळे झाडून, भोकात तार घालून, रॉकेलचा बोळा कोंबून वर चिखल लिंपायचा, हे काम त्यांचा मुलगा करीत होता. एका भोकाला एक बोळा. भोवतालच्या कुणालाही त्रास नाही. पेरू, आंबा, गुलमोहर अशा घराभोवतीच्या झाडांनाही हाच इलाज लागू पडतो.

"रातीले थांबा, सर," मालक म्हणाले. "चोर दाखवतो. दिवसा एकबी दिसनार नाई."

दिवेलागण झाली. बांधावर ओलसर पालापाचोळा पेटवून धूर केला होता. विजेरीच्या झोतात एका पिकल्या संत्र्यावर वाळक्या पानासारखे काहीतरी दिसले. पंख हलले तेव्हा आतून केशरी झळाळी आणि काळी नक्षी चमकली. एवढे देखणे पाखरू, पण त्याची सोंड इतकी मजबूत की संत्र्याच्या सालीला सुईसारखे भोक पाडते. मालकांनी फळ किंचित दाबले, तशी भोकातून रसाची चिळकांडी उडाली. चार दिवसांत ते फळ तेथून सडते आणि गळून पडते. आणि या पाखराच्या अळ्या? त्या संत्र्याला तोंडही लावीत नाहीत. त्या वाढतात कुंपणावरच्या गुळवेलीवर आणि वासनवेलीवर. करोनाच्या वर्षांत ज्या गुळवेलीला घरोघरी मान मिळाला, तीच बागेच्या वैऱ्याची पाळणाघराची जागा! मालकांनी बागेलगतची गुळवेल काढली होती. लांब नाल्याकाठी मात्र राहू दिली होती. "औषधाची हाय ना जी," ते म्हणाले. गळलेली फळे ते रोज वेचून खड्ड्यात पुरत होते, कारण सडक्या फळांचा वास या पाखरांना बोलावणे धाडतो.

परतताना रात्रीच्या अंधारात दुतर्फा कपाशी होती, आणि मोटारीतले बोलणे आपोआप शेजारच्या यवतमाळ जिल्ह्याकडे वळले. २०१७ साली तेथे कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसाहून अधिक शेतकरी आणि शेतमजूर दगावले. शेकडो रुग्णालयात पडले. पीक त्या वर्षी माणसाच्या उंचीचे वाढलेले, फवारा तोंडावर येणारा, अंगावर धड संरक्षण नाही, आणि टाकीत दोन-दोन विषे एकत्र. ही माणसे कीड मारायला गेली होती. शहरातल्या आपल्या बागेत ज्या बाटल्या येतात, त्यांतल्या कित्येकांतले विष त्याच जातीचे असते. बाटली लहान आणि लेबल रंगीत, एवढाच फरक. फवारणीवाल्याच्या नाकावर रुमाल असतो, आणि त्याच झाडाखाली दुसऱ्या दिवशी आपली मुले खेळतात. डीडीटीच्या गुणाबद्दल १९४८ साली नोबेल पारितोषिक दिले गेले, आणि १९८९ मध्ये आपल्या देशाला शेतीतला त्याचा वापर थांबवावा लागला. जालीम या शब्दाचा अर्थ कळायला कधीकधी चाळीस वर्षे लागतात.

विष कधीच वापरू नये, असा माझा आग्रह नाही; शेतकऱ्याचा संसार ज्या पिकावर आहे, त्याने काय करावे हे सांगण्याचा अधिकार मला पोचतही नाही. पण घरची बाग ही संसाराची भाकर नसते. तेथे थांबायला वेळ असतो, आणि म्हणून जबाबदारीही अधिक. वर्ध्याच्या मुक्कामात जे शिकलो त्याचा क्रम असा: आधी पान उलटून पाहावे, मग काडीने डिवचून पाहावे. हाताने वेचता येत असेल तर वेचावे, पाण्याने धुऊन जात असेल तर धुवावे. नाही गेले तर छाटावे, मग साबण, मग निंबोळी. यांतून नव्वद दिवसांत काही झालेच नाही, तर जाणत्या माणसाला विचारून, तेवढ्याच झाडावर, हातमोजे घालून, मुलांना आत ठेवून जे करायचे ते करावे. आणि झाडावर चार पाने कुरतडलेली राहिली, तर राहू द्यावी. ज्या बागेत एकही किडा नाही, तेथे ढालकिडाही येणार नाही, आणि त्याला शोधीत येणारी फुटकी-वटवट्यासारखी चिमणी पाखरेही नाहीत.

मगनवाडीची गोष्ट सांगायची राहिलीच. जमनालाल बजाज यांनी आपली बाग ग्रामोद्योग संघाला दिली आणि मगनलाल गांधींच्या नावाने ती मगनवाडी झाली. कुमारप्पांच्या देखरेखीखाली तेथे तेलघाणी आणि हातकागदाच्या बरोबरीने मधमाशीपालनाचेही काम चाले. एका किड्याला मानाने घर देणारी ही जागा. तेथल्या सावलीत उभे असताना मनात आले, आपल्या शाळांत मुलांना पाखरांची आणि फुलांची नावे शिकवतात. किड्यांची मात्र 'चांगला' आणि 'वाईट' अशी दोनच नावे, आणि तीही बाटलीवर छापून येतात.

वहिनींचे पत्र दत्तजयंतीच्या सुमारास आले. जास्वंदीला पुन्हा कळ्या धरल्या आहेत, शेंड्यावर पाच-सहा ढेकूण अजून आहेत. गुरुजी म्हणतात, तेवढे असू द्या, माळ्यांच्या जेवणाची सोय. मुलीने वाढदिवसाला सायकल मागितली होती, ती रद्द करून भिंग मागितले आहे. "कुठले चांगले मिळते ते कळवा," असे खाली लिहिले होते. दहापट मोठे दाखवणारे, घडीचे, खिशात मावणारे घ्या, असे मी उलट टपाली कळवले.